वरून घेतलेलं माप

गळ्यातलं काढून ठेवावं लागेल, असं प्रयोगशाळेतल्या मुलीनं फार अदबीनं सांगितलं. मग कानांतलं, बोटांतलं, केसांतल्या पिना. कपडे बदलून मी त्यांचा निळा सदरा-पायजमा चढवला, आत जाऊन खुर्चीवर बसले, तरी बाहेर तिच्या पडद्यावरच्या रेघांचा थयथयाट चालूच. पाय हलवला की रेघा नाचायच्या, पाय थांबला की निवायच्या. तेव्हा आठवलं, जोडवी राहिली. लग्नात चांदीची म्हणून घेतलेली. चांदी काही चुंबकाच्या वाटेला जात नाही; म्हणजे सराफानं तीत काय मिसळलं होतं ते २७ वर्षांनी अमेरिकेतल्या एका गोदीत उघडकीला आलं.

गोदी म्हणजे चार्ल्सटाउनची. बॉस्टन शहरातून नदी ओलांडली की लागते. १७९७ साली पाण्यात उतरलेलं ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे लाकडी लढाऊ जहाज अजून तिथं उभं आहे, ते बघायला शाळांच्या सहली येतात. नौदलाची गोदी म्हणून ती कधीच बंद झाली. त्याच आवारातल्या एका थोराड जुन्या इमारतीत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचं मार्टिनोस सेंटर आहे, आणि तिथं माणसाच्या मेंदूत काय चाललंय ते कवटीला धक्का न लावता बघतात. अशा कामाला आजारी माणसं लागतात तशी धडधाकटही लागतात. मी त्या धडधाकटांतली. माझी मुलगी कॉलेजला गेल्यापासून शनिवार अंगावर येत होते, म्हणून नाव दिलं.

आधी डोक्याचं माप. प्रयोगशाळेतल्या त्या मुलीनं हातात पेनासारखं काहीतरी घेतलं आणि त्याचं टोक टेकवत-टेकवत नाकाच्या दांड्यावरून, भांगातून, टाळूवरून, कानांमागून फिरवत राहिली. प्रत्येक टेकवणीला संगणकात एक ठिपका पडत होता. ठिपके शंभरावर गेले. माझ्या डोक्याला इतक्या निगुतीनं कुणी हात लावल्याला बरीच वर्षं झाली होती. रविवारी सकाळी आई खोबरेल तेलाची वाटी कोमट करून पायरीवर बसायची, तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये मी. डोळे मिटायला लागले तशी ती मुलगी म्हणाली, झोपू नका हं, अजून खरं काम व्हायचंय.

खरं काम बंद खोलीत. तिचं दार बँकेच्या तिजोरीला शोभेल असं, आणि भिंती निकेल-लोखंडाच्या खास मिश्रधातूच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या थरांच्या. हा बंदोबस्त आवाजासाठी नव्हे, चुंबकत्वासाठी. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा बारीक वीज वाहते, आणि वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र येतंच. एका पेशीचं कुणाला कळत नाही. हजारोंनी, एका दिशेला, एकाच वेळी हुंकार भरला तर कवटीबाहेर काहीतरी पोचतं. आणि ते पोचतं ते पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दहा कोटीव्या हिश्शाहूनही कमी. रस्त्यावरून ट्रक गेला, शेजारची लिफ्ट हलली, तर त्यात मेंदू पार बुडून जातो. पापणी लवली तरी तिचा गोंगाट मेंदूच्या बोलण्याहून मोठा.

पार्लरमध्ये केस वाळवायला डोक्यावर टोप ओढतात, तसा एक भलामोठा टोप माथ्यावर आला. त्याच्या आत ३०६ संवेदक, द्रवरूप हेलियमच्या हौदात बसवलेले, शून्याखाली २६९ अंशांवर. माझ्या केसांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर इतकी थंडी आहे हे कळूनही डोकं तापलेलंच होतं. समोर पडद्यावर एक फुली. तिच्याकडं बघत राहायचं. कानांत ‘टूं’ वाजणार. काही करायचं नाही. टूं. थोडा वेळ. टूं.

मेंदूचं चुंबकत्व असं मोजण्याला एमईजी म्हणतात. या धंद्याचा मूळपुरुष डेव्हिड कोहेन. कॅनडातून आलेला पदार्थविज्ञानाचा माणूस. १९६८ मध्ये त्यानं तांब्याच्या तारेचे लाखो वेढे दिलेलं वेटोळं माणसाच्या डोक्याशी धरून मेंदूचं चुंबकत्व पहिल्यांदा मोजलं. सिग्नल इतका मलूल की कितीतरी मापांची सरासरी काढावी लागली. मग एमआयटीत त्यानं चुंबकत्वापासून झाकलेली खोली बांधली. १९६९ च्या अखेरीस जेम्स झिमरमन आपलं ‘स्क्विड’ नावाचं नवं, अतिशीत, अतिसंवेदनशील उपकरण घेऊन त्या खोलीत आला. ते चालतं का हे बघायला झिमरमननंच कपडे उतरवले आणि चड्डीवर उभं राहून आपलं हृदय मोजू दिलं. १९७२ मध्ये कोहेननं तेच मेंदूवर करून दाखवलं. अंगावरचं सगळं उतरवून त्या खोलीत शिरायचं, ही रीत तेव्हापासूनची. मला ही गोष्ट कळली तेव्हा जोडव्यांबद्दल वाटलेला संकोच गेला.

रात्री, म्हणजे तिकडे सकाळी, अण्णांना फोन लावला. अण्णा ८२ वर्षांचे, मिरजेत असतात. त्यांना वाटलं होतं, मला काही झालंय आणि मी लपवतेय. तसं काही नाही, असं दोनदा सांगितल्यावर ते मुद्द्यावर आले.

“सळया किती?”

“सळया नाहीत, अण्णा. संवेदक. ३०६.”

“तेच ते. आणि खाली थर किती धरलेत?”

मी गप्प. संबंध दिवसात त्या प्रयोगशाळेत मला जो प्रश्न सुचला नव्हता, तो यांनी अंथरुणात बसून, चहा निवायच्या आत विचारला.

अण्णा सरकारी भूजल खात्यात होते. ७२ च्या दुष्काळानं महाराष्ट्राला खाली बघायला शिकवलं. गावोगाव बोअरचं यंत्र यायला लागलं, आणि बोअर कुठं मारायची हे सांगणारा माणूसही. अण्णांच्या वाट्याला आटपाडी, जत, कवठेमहांकाळचा पट्टा आला. जीपमध्ये एक लाकडी पेटी, वायरची रिळं, हातोडा आणि चार लोखंडी सळया. सळया एका ओळीत ठोकायच्या. बाहेरच्या दोघींतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोघींवर दाब मोजायचा. मग बाहेरच्या सळया आणखी लांब न्यायच्या, पुन्हा मोजायचं. सळया जितक्या लांब, तितकी वीज खोल उतरते. ओला मुरूम विजेला वाट देतो, काळा कातळ अडवतो. जमिनीवर उभं राहून, एक ढेकूळही न उकरता, खाली काय आहे ते असं ताडायचं.

मेंदूचं ईईजी काढतात तेव्हा जवळजवळ हेच करतात. फरक इतकाच की तिथं वीज सोडावी लागत नाही, ती आत असतेच. आणि कातळाच्या जागी कवटी. कवटी मेंदूच्या मानानं विजेला कितीतरी पटींनी जास्त अडवते, म्हणून वर येईतो सगळं पसरून जातं, ओल्या कागदावर शाई फुटावी तसं. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाडाचं सोयरसुतक नाही. ते कवटीतून जवळजवळ जसंच्या तसं बाहेर येतं. एवढ्यासाठी तो हेलियमचा थाट.

संध्याकाळी मुक्कामाला आले की अण्णा मापं आलेखाच्या पारदर्शक कागदावर मांडायचे. एक वाकडी रेघ तयार व्हायची. त्यांच्याकडं छापील रेघांचं एक मोठं बाड होतं. दोन थर, तीन थर, चार थर, कुठला किती जाड, कुठला किती ओला, त्या प्रत्येकाची रेघ कशी येईल ते आधी हिशेब करून छापलेलं. आपला कागद त्यावर ठेवायचा आणि सरकवत राहायचं, जुळेपर्यंत. दिवे गेले असले तर खिडकीच्या काचेवर. कागदाची दोन टोकं धरायचं काम माझं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. एकदा एक रेघ एका पानाशी तंतोतंत जुळली आणि मी ओरडले, “जुळली!” अण्णांनी दोन पानं उलटली. तिथल्या रेघेशीही ती तितकीच जुळत होती. एका पानावर पातळ पण फार ओला थर, दुसऱ्यावर जाड पण कमी ओला.

“मग खरं कुठलं?”

“दोन आकड्यांची बेरीज १० आहे,” अण्णा म्हणाले. “आकडे सांग.”

“५ आणि ५.”

“का? ७ आणि ३ का नाही?”

मला रडू आलं होतं, कारण शाळेत अशी गणितं घालत नसत. शाळेत आकडे देतात आणि बेरीज विचारतात. ते सरळ गणित. त्याला एकच उत्तर असतं आणि ते पाठीमागच्या पानावर छापलेलं असतं. हे गणित उलटं: बेरीज हातात, आकडे हुडकायचे.

अण्णांचा तो प्रश्न फार जुना आहे. १८५३ मध्ये कोनिग्सबर्गच्या हर्मान हेल्महोल्ट्झनं दाखवून दिलं की शरीराच्या पृष्ठभागावर विजेची कितीही अचूक मापं घेतलीत, तरी आत ती वीज नेमकी कुठून उठते हे त्या मापांवरून एकमेव असं ठरत नाही. आतल्या अनंत मांडण्या बाहेर तेच माप देतात. यंत्र सुधारून हे बदलणार नाही. ३०६ च्या जागी ३ लाख संवेदक लावा. बेरीज आणखी बारकाईनं कळेल, आकडे नाहीत. हेल्महोल्ट्झनं हे लिहिलं तेव्हा माणसाच्या मेंदूची विद्युतरेघ कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. ती पाहायला १९२४ उजाडावं लागलं, आणि पाहणारा जर्मनीच्या येना गावचा हान्स बेर्गर हा मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी तो लष्करात घोड्यावरून पडून मरता-मरता वाचला, त्याच दिवशी लांब घरी बहिणीच्या मनात पाल चुकचुकली आणि तिनं वडिलांना तार करायला लावली. मनातलं मनाला कळतं कसं, याचा शोध घ्यायला तो निघाला आणि ईईजी घेऊन परतला. टेलिपॅथी काही सापडली नाही.

मेंदूच्या बाबतीत हे गणित किती लंगडं आहे ते बघा. माझ्या एमआरआयवरून मेंदूच्या सालीचा सुरकुतलेला पत्रा संगणकात काढतात आणि त्यावर साधारण आठ हजार ठिपके मांडतात. प्रत्येक ठिपक्यावर किती वीज, हा प्रश्न. बेरजा ३०६, आकडे आठ हजार. त्या ‘टूं’नंतर साधारण १०० मिलिसेकंदांनी कानांच्या वरच्या भागात एक उसळी येते, ती रेघांत साध्या डोळ्यांनाही दिसते. पण ती उसळी कुठल्या ठिपक्यांनी मिळून घेतली?

इथं प्रत्येक पंथाचं आपापलं उत्तर. एक पंथ म्हणतो, एकच जागा धरा, एका ठिपक्यानंच सगळं केलंय असं माना आणि तो ठिपका हुडका. म्हणजे १० आणि ०. साध्या आवाजाला हे चालून जातं, पण माणूस काही वाचत असेल, आठवत असेल, तर एका ठिपक्याचं हे काम नव्हे. दुसरा पंथ फिनलंडचा. मट्टी हॅमलायनेन आणि रिस्टो इल्मोनिएमी यांनी १९८० च्या दशकात मांडलेला. हॅमलायनेन पुढं याच चार्ल्सटाउनला काम करायला आला. त्यांचं म्हणणं, मापाशी जुळणाऱ्या अनंत उत्तरांतलं सर्वांत काटकसरी निवडा. काटकसर म्हणजे वर्गांची बेरीज सर्वांत लहान. १० आणि ० चे वर्ग १००. ७ आणि ३ चे ५८. ५ आणि ५ चे ५०. आठ-नऊ वर्षांची मी काचेपाशी उभी राहून जे पटकन बोलून गेले, ते हेच. फक्त मला ते उत्तर वाटलं होतं. त्यांना ते निवड आहे हे ठाऊक होतं.

काटकसरी उत्तराचीही खोड आहेच. जो ठिपका टोपाच्या जवळ, त्याला थोड्या विजेत जास्त आवाज करता येतो, म्हणून हिशेब त्यालाच झुकतं माप देतो. खोल मेंदूतलं काही असलं तरी चित्रात ते वर ओढलं जातं. मग खोलातल्या ठिपक्यांना वेगळं वजन देऊन ते माप सरळ करायचं. तिसरी तऱ्हा रडार-सोनारवाल्यांकडून आली. विस्कॉन्सिनच्या बॅरी व्हॅन वीन यांनी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये ती मेंदूसाठी मांडली. एका वेळी एकाच ठिपक्याकडं कान लावायचा आणि बाकी सगळ्यांचा आवाज गणितानं दाबायचा. जत्रेत आपल्या पोराचं रडणं आईला ऐकू येतं तसं. छान चालतं, पण एक घात आहे: दोन जागा अगदी एका सुरात बोलत असतील तर ती पद्धत दोघींनाही पुसून टाकू शकते. आणि ‘टूं’ ऐकल्यावर मेंदूच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे ऐकण्याचे भाग जवळपास एका सुरातच बोलतात.

काही वीज तर बाहेर येतच नाही. डोकं चेंडूसारखं गोल धरलं, तर केंद्राकडून सरळ पृष्ठभागाकडं जाणारा प्रवाह बाहेर काडीचंही चुंबकत्व सोडत नाही. तसं समीकरणच आहे. बेरजेच्या भाषेत, एका आकड्यात ३ वाढवा आणि दुसऱ्यातून ३ काढा, बेरजेला पत्ता लागत नाही. मेंदू तंतोतंत गोल नाही, त्यामुळं अगदीच मुकेपण नसतं, पण सुरकुतीच्या माथ्यावरचं बोलणं एमईजीला ऐकायला जड जातं हे खरं. त्यासाठी सोबत ईईजीच्या वायरी लावतात. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या धंद्यातही असा न बोलणारा थर होता: दोन थरांच्या मध्ये लपलेला, इतका पातळ की रेघेला त्याचा पत्ताच नाही.

हे साम्य माझ्या मनाचा खेळ नाही. हे गणित खरोखरच जमिनीतून डोक्यात चढलेलं आहे. मापात थोडी चूक असली की उलट्या गणिताचं उत्तर पिसाटतं. त्याला लगाम कसा घालायचा हे सोव्हिएत गणिती आंद्रेई तिखोनोव यांनी दाखवलं, आणि ते त्या वाटेला लागले ते जमिनीतलं विजेनं शोधण्याच्या कामापायी. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर जॉर्ज बॅकस आणि फ्रीमन गिल्बर्ट हे दोघे पृथ्वीचं पोट भूकंपाच्या लाटांवरून ताडत होते. मापांवरून नेमकं उत्तर मिळणार नाही हे मान्यच. पण मिळालेलं उत्तर किती धूसर आहे, हे तरी नेमकं सांगता येईल का, असा त्यांचा प्रश्न. आता मेंदूच्या चित्रावरचा डाग किती विश्वासाचा हे तपासायला त्यांचंच गणित वापरतात. गोंगाटाची गोष्टही तीच. जवळून विजेच्या तारा गेल्या असल्या की अण्णांची मापं बिघडत. चार्ल्सटाउनलाही वायरिंगची गुणगुण रेघांत उतरतेच, ती गाळून टाकतात. आपल्याकडं ती सेकंदाला ५० वेळा, इथं ६०.

आणि अण्णांच्या धंद्यातला तो दुसरा. पाणाड्या. गावात सरकारी जीप पोचायच्या आधी तो पोचलेला असायचा. उताणा तळहात, त्यावर आडवा नारळ. नारळ उभा झाला की पाणी. अण्णा नारळाला हसत, पण म्हाताऱ्याला नव्हे. नारळ हातात घ्यायच्या आधी तो शिवार फिरून यायचा. उंबर कुठं आहे, वारूळ कुठं, उन्हाळ्यात गवत कुठं हिरवं राहतं, कुणाची विहीर कधी आटली. हे सगळं त्याच्या पोटात आधीच असे. नारळ नंतर उभा राही. वराहमिहिरानं बृहत्संहितेत झाडं आणि वारुळं यांवरून पाणी ओळखायला एक अख्खं प्रकरण दिलंय, ते यानं वाचलं नसेल, त्याच्या आज्यानं अनुभवलं होतं. अण्णाही जीपमधून उतरल्यावर पहिला तास सळया काढत नसत. आधी गावातल्या चालू विहिरीपाशी माप घ्यायचं, जिथं खाली काय आहे ते दिसतंय, आणि मग माळावर जायचं. एमईजीवालेही कवटीच्या आकाराचा एक खोटा मेंदू ठेवतात, त्यात ठरलेल्या जागी वीज सोडतात आणि आपलं गणित ती जागा ओळखतं का बघतात. खरा आणि खोटा पाणाड्या यांतला फरक मला इथं दिसतो. आधीचं ज्ञान दोघांकडंही असतं. एक ते नारळात लपवतो.

टेक्सासातल्या ऑस्टिनची बातमी आठवत असेल. २०२३ च्या मे महिन्यात जेरी टँग आणि अलेक्झांडर हथ यांच्या गटानं मेंदूच्या एमआरआयवरून माणूस कुठली गोष्ट ऐकतोय ते वाक्यांत लिहून दाखवलं. पेपरांनी लगेच मथळे दिले, मन वाचणारं यंत्र आलं. आत काय होतं ते जास्त मजेदार आहे. प्रत्येक माणूस आधी १६ तास यंत्रात पडून गोष्टी ऐकत होता. मग नव्या गोष्टीच्या वेळी वाक्यं सुचवत होतं ते भाषेचं मॉडेल; मेंदूचं माप फक्त सांगत होतं, यांतलं कुठलं जास्त जुळतं. पारदर्शक कागद सरकवायचा आणि बाडातल्या रेघांशी ताडायचा, तसंच. बाड कुणाचं? इंग्रजी पुस्तकांवर पोसलेल्या यंत्राचं. त्या बाडात जे पानच नाही, ते त्या माणसाच्या मनात आलं तरी उत्तरात येणार कुठून? शिवाय एकाच्या मेंदूवर शिकवलेलं यंत्र दुसऱ्यावर चालेना, आणि माणसानं मनातल्या मनात आकडे मोजले किंवा दुसरीच गोष्ट रचली तर यंत्र फसे. हे त्या संशोधकांनी स्वतः तपासून लिहिलंय, त्यांचं कौतुक. मथळेवाल्यांचं नाही. मेंदूत प्रेम कुठं असतं, राग कुठं असतो, असे लालभडक डाग छापणाऱ्या पुरवण्या मला पाणाड्याच्या नारळासारख्याच वाटतात, फक्त शिवार न फिरता आणलेल्या.

अण्णांची एक बोअर मला चांगली आठवते, कारण त्या दिवशी मीही गेले होते. गावाचं नाव सांगत नाही. माळावर चार ठिकाणी मापं घेऊन त्यांनी एक जागा ठरवली होती. रेघ सुरेख खाली उतरत होती, म्हणजे खाली ओल. पाणाड्यानं दुसरी जागा सांगितली होती, दीडशे पावलांवर. सरपंचानं सरकारी माणसाचं ऐकलं. यंत्र आलं, बायकांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. पहिल्यांदा धूळ उडाली पांढरी, मग करडी, मग काळी. साधारण १३० फुटांवर तांबडी झाली. लोक पुढं सरकले. अण्णा मात्र मागं आले. दोन कातळांच्या मध्ये गेरूचा जाड थर लागला होता. गेरू ओलसर असतो, विजेला छान वाट देतो, आणि पाणी म्हणाल तर थेंब सोडत नाही. सळयांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना विचारलं होतं, वीज कुठून सहज जाते. त्यांनी ते सांगितलं. त्याचा अर्थ पाणी, हे अण्णांनी धरलं होतं. २०० फुटांवर यंत्र थांबलं. एका बाईनं माझ्या हातात फुटलेल्या नारळाची वाटी दिली, कारण पोर ताटकळली होती. परतताना जीपमध्ये कुणी बोललं नाही.

पाणाड्याच्या जागेवर मग कुणी बोअर मारली नाही, पैसे संपले होते. त्यामुळं तो बरोबर होता का, हे कधीच कळलं नाही. गावात मात्र तोच बरोबर ठरला.

अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करायची असते तेव्हा झटका कुठून उठतो हे आधी एमईजीनं ताडतात. मग काहींच्या बाबतीत कवटी उघडून थेट मेंदूवर किंवा मेंदूत तारा ठेवून पडताळतात. ती खरी बोअर. तिथं चित्र चुकलं की लगेच कळतं, आणि चुकीची किंमत कुणाची तरी भाषा, कुणाचा तरी हात असते, म्हणून तिथली माणसं जपून बोलतात. माझ्यासारख्या निरोगी डोक्यात कुणी बोअर मारणार नाही. माझं चित्र बरोबर की चूक हे कधीच ठरणार नाही. असं चित्र काढणाऱ्यानं तर जास्तच जपून बोलायला हवं.

दोन आठवड्यांनी त्या मुलीनं मला बोलावून ते दाखवलं. फुग्यासारखा फुगवलेला करडा मेंदू, सुरकुत्या सपाट केलेल्या, आणि दोन्ही बाजूंना कानाच्या वर पिवळे-तांबडे डाग. हा तुमचा ‘टूं’, ती म्हणाली. मला उगाच भरून आलं. मग मी अण्णांचा प्रश्न विचारला: धरलंय काय-काय? ती एकदम खुलली, कुणी विचारलं नसावं. तिनं एक आकडा बदलला. डाग आक्रसून हरभऱ्याएवढा झाला. दुसरा बदलला; पसरून बरीचशी बाजू व्यापून बसला. पद्धत बदलली; डाव्या बाजूचा जवळजवळ गेलाच. माप तेच. माझं डोकं तेच, तो शनिवार तोच. मापाशी जास्त जुळवायला गेलं तर गोंगाटालाही मेंदू समजायला लागतो, ती म्हणाली; कमी जुळवलं तर मेंदूच हातचा जातो. मधे कुठंतरी थांबायचं, आणि कुठं थांबलो ते लिहून ठेवायचं. मग तिनं सगळं पूर्ववत केलं आणि कागदावर छापून दिलं.

कागदाचा फोटो काढून मी अण्णांना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून ते फोटो मोठा करून-करून बघतात.

“तांबडं कळलं,” म्हणाले. “पण खाली लिहिलंय का, काय धरून चाललेत ते?”

डाग बघण्याच्या नादात तो कोपरा माझ्याकडून फोटोत कापला गेला होता. मी उठून फ्रिजवरचा कागद आणला. लिहिलं होतं. डाव्या कोपऱ्यात, तीन ओळी, बारीक अक्षरांत. चष्मा लावून मी त्या त्यांना वाचून दाखवल्या.